सैनिक वसाहत योजना (ऑस्ट्रेलिया)

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना शेतजमीन आणि ती कसायला लागणारे सरकारी कर्ज देणारी ऑस्ट्रेलियातील योजना. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९१५ मध्ये तिच्यासाठी पहिला कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत इतर राज्यांनी आपापले कायदे केले. सुमारे ३७ ते ४० हजार सैनिकांनी या योजनेत जमीन घेतली. ही जमीन शौर्याचे बक्षीस म्हणून मिळाली, असा समज पुष्कळदा आढळतो. प्रत्यक्षात ती बहुतेकांना हप्त्यांवर किंवा भाडेपट्ट्याने मिळाली होती आणि तिच्यावर उभे राहिलेले सर्व काही कर्जाचे होते.

ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेनुसार जमीन हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे १९१६-१७ च्या वाटाघाटींत असे ठरले, की जमीन राज्यांनी शोधावी आणि पैसा मुख्यतः संघराज्य सरकारने कर्ज उभारून पुरवावा. समुद्रापार गेलेल्या तीन लाखांहून अधिक सैनिकांपैकी जे परततील त्यांना काम कुठून द्यायचे, ही चिंता सरकारला युद्ध चालू असतानाच लागली होती. ओसाड अंतर्भागात गोऱ्या शेतकऱ्यांची वस्ती व्हावी ही जुनी इच्छाही त्यामागे होतीच. माणूस खंदकात टिकला म्हणजे शेतातही टिकेल, असे गृहीत धरले गेले.

कर्जाची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. सरकारी मालकीची पडीक जमीन सगळ्यांना पुरणारी नव्हती, म्हणून राज्यांनी खाजगी जमिनी विकत घेऊन त्यांचे तुकडे पाडले. ही खरेदी नेमकी भाव चढलेले असताना झाली आणि तो चढा भाव सैनिकाच्या खात्यावर पडला. त्यावर घर, कुंपण, जनावरे, अवजारे, बियाणे यांसाठी आगाऊ रक्कम मिळे. न्यू साउथ वेल्समध्ये तिची मर्यादा आधी ५०० पौंड होती, ती नंतर ६२५ पौंड झाली. आपल्याकडच्या तगाईसारखी ही एखाद्या हंगामाची नड भागवणारी उचल नव्हती. शून्यातून उभ्या केलेल्या अख्ख्या संसाराचे ते ओझे होते. झाडी तोडून जमीन पिकाखाली यायला दोन-तीन वर्षे जात आणि व्याज मात्र चालू राही. थकलेला हप्ता बऱ्याचदा मुद्दलात मिळवला जाई. माणूस दिवसरात्र राबत असताना त्याचे देणे वाढतच जाई.

वसुलीही कडक होती. व्हिक्टोरियात दूध धंदा करणाऱ्यांच्या क्रीमच्या पैशांतला वाटा डेअरीकडून परस्पर वसाहत मंडळाकडे जाई आणि उरेल त्यात घर चालवावे लागे. कर्जाने घेतलेले जनावर मंडळाला न विचारता विकणे हा गुन्हा होता. पहाटेचे दूध काढण्यापासून कुंपण घालण्यापर्यंत बायकामुलांचे श्रम या शेतांत ओतले गेले, पण कोणत्याही हिशेबात त्यांची मजुरी धरलेली दिसत नाही.

वसाहतींचे नशीब ठिकाणागणिक वेगळे निघाले. क्वीन्सलंडमधील बीअरबरम येथे सैनिकांकडून अननस लाववला गेला. जमीन हलकी निघाली, बाजारात माल जास्त झाला आणि दहा-बारा वर्षांत बहुतेक सैनिक वसाहत सोडून गेले. पुढे त्या भागात पाइनची सरकारी लागवड झाली. त्याच राज्यात स्टॅनथॉर्पजवळच्या फळबागांच्या वसाहतीत गावांना फ्रान्स-बेल्जियममधील रणभूमींची नावे दिली गेली : आमियां, पोझिएर, मेसीन, बुलकूर, पासेनडेल. ज्या ठिकाणी सोबती पडले, त्याच नावाच्या स्टेशनवर सफरचंदाच्या पेट्या चढवायच्या, हे त्या माणसांना कसे वाटले असेल याचा विचार नावे देताना कोणी केला असेल का, असा प्रश्न पडतो.

व्हिक्टोरियातील मिल्ड्यूराजवळचे रेड क्लिफ्स हे त्या मानाने यशस्वी उदाहरण. तेथे मॅली जातीच्या निलगिरीचे रान होते. या झाडाचा बुंधा तोडला तरी जमिनीतला गड्डा पुन्हा फुटतो, म्हणून तो मुळासकट उपटावा लागे. त्यासाठी ‘बिग लिझी’ नावाचे अवाढव्य ओढयंत्र आणले होते. मरे नदीच्या पाण्यावर तेथे सुमारे ७०० द्राक्षमळे उभे राहिले आणि मनुक्यांच्या धंद्यावर गाव वसले. पाणी आणि बागायती पीक असल्यामुळे तेथे लहान तुकड्यावरही तग धरता आली. मॅलीच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोरडवाहू भागात गहू पिकवणाऱ्यांना ते जमले नाही.

१९२० नंतर शेतमालाचे भाव घसरले आणि खाती थकू लागली. व्हिक्टोरियाने १९२५ मध्ये चौकशी आयोग नेमला. १९२९ मध्ये न्यायमूर्ती जॉर्ज पाइक यांनी देशभराचा हिशेब मांडला आणि एकूण तोटा सुमारे २ कोटी ३५ लाख पौंड असल्याचे दाखवले. त्यांनी चार कारणे दिली : भांडवलाचा अभाव, अपुरे क्षेत्र, शेतीला न जुळणारी माणसे आणि भावातील घसरण. त्या काळी लोकांनी बोट दाखवले ते मुख्यतः माणसांकडे. उरलेली तिन्ही कारणे सैनिकाच्या हातातली नव्हती. त्यातच अनेकांना जखमा आणि विषारी वायूने खराब झालेली फुप्फुसे घेऊन नांगर धरावा लागला होता. लगेच पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि १९३० च्या दशकात राज्यांना कर्जाचा मोठा भाग सोडून द्यावा लागला.

मूळनिवासी सैनिक या योजनेतून जवळजवळ वगळलेच गेले. जमीन मिळालेले अगदी मोजके निघतात. मेलबर्नजवळील कोरांडर्क ही मूळनिवासींसाठी राखलेली जमीन तर दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक वसाहतीसाठी काढून घेण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धानंतरची योजना १९४५ च्या करारांवर आधारलेली होती. तिच्यात अर्जदाराची पारख आणि प्रशिक्षण आले, कुटुंब नीट जगेल एवढे क्षेत्र देण्याची अट आली आणि सुरुवातीच्या काळात हप्ता न मागता निर्वाह भत्ता देण्याची सोय झाली. व्हिक्टोरियातील रॉबिनवेल, दक्षिण ऑस्ट्रेलियातील कांगारू बेट आणि टास्मानियातील किंग बेट येथे या टप्प्यातील वसाहती झाल्या. पहिल्या योजनेच्या तुलनेत तेथे जमीन सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण बरेच कमी राहिले.