थोडीशी हवा, मोठी पंचाईत

चंद्रावर हवा नाही, त्यामुळे तिथे उतरताना सगळी भिस्त इंजिनांवर. पृथ्वीवर हवा भरपूर, पॅराशूट चोख काम करतं. मंगळाचं मात्र धड ना इकडे, धड ना तिकडे. तिथली हवा पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का दाट. यान भाजून काढायला ती पुरते, थांबवायला पुरत नाही.

'नासा'चं पर्सिव्हरन्स रोव्हर, म्हणजे मंगळावर फिरणारी यंत्रगाडी, १८ फेब्रुवारी २०२१ रोजी ताशी सुमारे १९,५०० किलोमीटर वेगाने या हवेत शिरलं. उष्णतारोधक कवच सुमारे १३०० अंशांपर्यंत तापलं, बराचसा वेग तिथेच जिरला. मग साडेएकवीस मीटर व्यासाचं पॅराशूट उघडलं. तरीही वेग ताशी तीनशेच्या घरात उरतोच.

पृथ्वीवरून मदत करायची सोय नव्हती. उतरायला सातेक मिनिटं, आणि संदेश पोहोचायलाच अकरा. उतरायची जागा, म्हणजे जेझेरो विवर, कडे, खडक आणि वाळूने भरलेली. त्यामुळे रोव्हरने पॅराशूटखाली लटकतानाच जमिनीचे फोटो काढले, सोबत नेलेल्या नकाशाशी ताडून पाहिले आणि सुरक्षित जागा स्वतःच निवडली. माझ्या मते त्या दिवसाची खरी कमाल हीच. गाजली मात्र पुढची करामत.

१९९७ आणि २००४ मधली रोव्हर्स हवेच्या फुग्यांत गुंडाळून चक्क आपटली होती. टणाटण उड्या मारत ती थांबली. टनभर वजनाच्या पर्सिव्हरन्सला असं आपटणं परवडणारं नव्हतं. इंजिनं जमिनीलगत न्यावीत, तर धूळ उडते, खड्डे पडतात, दगड उडून रोव्हरवरच आदळतात. म्हणून आठ इंजिनांचा सांगाडा वीसेक मीटरवर अगदी संथ झाला आणि विहिरीत पोहरा सोडावा तसं त्याने रोव्हर दोरांवरून खाली सोडलं. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण २०१२ मध्ये क्युरिऑसिटी रोव्हरही असंच उतरलं होतं.

चाकं टेकताच दोर कापले गेले. सांगाडा दूर उडून गेला आणि आपटून फुटला. त्याच्या उतरण्याची सोय मुळात केलेलीच नव्हती. पॅराशूटचं काय झालं, ते पुढच्या वर्षी समजलं. रोव्हरने सोबत नेलेलं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर एप्रिल २०२२ मध्ये त्यावरून उडालं. फोटोंत धुळीत पडलेलं पॅराशूट आणि त्याच्या दोऱ्या शाबूत दिसल्या. पुढच्या मोहिमांची पॅराशूटं बनवणाऱ्या अभियंत्यांना हे फोटो हवेच होते.