तराजूचा धडा

खानापूरहून बेळगावला येणारी बस मच्छे गावात थांबली. 14 जण चढले, उतरलं कुणी नाही, आता आत 41 प्रवासी आहेत. आधी किती होते? सातवीच्या मुलांना हे गणित घातलं की कुणीतरी हमखास 55 सांगतं. "चढले म्हणजे बेरीजच की, सर!"

बेरीज त्यांना उत्तम येते, घोटाळा वाचण्यात होतो. गोष्टीत बेरीज झाली हे खरंच, पण तिचं उत्तर, 41, गणितानेच देऊन टाकलंय. म्हणून आकडेमोड बाजूला ठेवून गोष्ट घडली तशी लिहायची: क्ष + 14 = 41. हा 'क्ष' म्हणजे 'जेवढे असतील तेवढे'. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशीचं नावच 'यावत्-तावत्' आहे, आणि लिहिताना नुसतं 'या'. बरोबरीच्या दोन समांतर रेघा मात्र 1557 साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्सच्या गणितज्ञाच्या पुस्तकात पहिल्यांदा छापल्या गेल्या.

पुढे मुलं घोकतात, 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं.' हे वाक्य सुरुवातीलाच शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. 14 कुठेही जात नाही, तो बरोबरीच्या दोन्ही बाजूंतून सारखाच काढायचा, तराजूच्या दोन पारड्यांतून काढावा तसा. पूर्वी किराणा दुकानात घरची बरणी घेऊन तेल आणायला गेलं की दुकानदार आधी धडा करायचा. रिकामी बरणी एका पारड्यात, तिच्याइतकी वजनं दुसऱ्यात. काटा मध्यावर आला की मगच तेल. भरलेली बरणी 1350 ग्रॅम आणि रिकामी 350, तर दोन्ही पारड्यांतून 350 काढा, तेल 1000 ग्रॅम उरतं. एकाच पारड्यातून काढलं तर तराजू कलतो. आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर भांडं ठेवून शून्य करतात, तोही धडाच.

गुणाकाराचंही तेच. 5 किलो रताळी 150 रुपयांना, म्हणजे 5क्ष = 150. इथे कुणी 150 मधून 5 वजा करतं. मी एवढंच विचारतो, "145 रुपये किलो रताळी? घेशील?" आईबरोबर बाजाराला जाणारी पोरं लगेच खोडरबर शोधतात. 5 किलोचे पाच सारखे वाटे केले, तर पैशांचेही पाचच करायचे: 30 रुपये.

बसचं उत्तरही तसंच पडताळायचं. 55 प्रवासी आधीच आत बसवले आणि मच्छेत 14 चढवले, तर 69 होतात. 27 बसवून बघा.