पार्श्वभूमी: ‘प्लॅटफॉर्म-निरपेक्ष’ मॉडेल नेमकं कुठे अडलं?

मोठ्या कंपन्यांत मॉडेलवरून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या रचनेच्या आकृत्यांवरून, आपोआप कोड तयार करण्याचा विषय निघाला की ‘हे २००१ मध्येच करून झालंय आणि फसलंय’ असं कुणीतरी हमखास ऐकवतं. ते अर्धंच खरं आहे. ऐंशीच्या दशकातली केस टूल्स (आकृत्यांवरून सॉफ्टवेअर बनवायची साधनं) त्याही आधीची. पण आजचा वाद जिथून सुरू होतो ते वर्ष २००१च: त्या वर्षी ओएमजी या मानकसंस्थेने ‘मॉडेल-चालित आर्किटेक्चर’ (एमडीए) ही पद्धत स्वीकारली. यूएमएल ही अशा आकृत्यांची भाषा १९९७ मध्ये मानक झाली होती आणि एंटरप्राइज जावाचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवरच्या जावाचा, जोर होता.

तेव्हा जनरेटरची, म्हणजे मॉडेलवरून कोड काढणाऱ्या प्रोग्रॅमची, गरज खरोखरच होती. एका एंटिटी बीनसाठी (डेटाबेसमधली एक नोंद, उदा. खातं, दाखवणारा जावाचा घटक) होम इंटरफेस, कंपोनंट इंटरफेस, बीन क्लास, बहुधा प्रायमरी-की क्लास आणि डिप्लॉयमेंट डिस्क्रिप्टरमधली नोंद एवढं सगळं लिहावं लागे. दोनशे एंटिटी असतील तर हा पसारा हाताने लिहिण्यात शहाणपण नव्हतं. २००६ मध्ये या बीनच्या मानकाची नवी आवृत्ती ईजेबी ३.० आली, साध्या क्लासवर छोट्या खुणांसारखी अॅनोटेशन लावली की काम भागू लागलं आणि जनरेटरची निम्मी उपयुक्तता संपली. पद्धत ‘फसली’ म्हणणारे हा भाग सहसा गाळतात.

गोंधळ झाला तो ‘प्लॅटफॉर्म-निरपेक्ष मॉडेल’ या शब्दाने. धंद्याचे नियम तंत्रज्ञानाचा उल्लेख न करता पीआयएममध्ये (या निरपेक्ष मॉडेलमध्ये) मांडायचे, त्याचं रूपांतर करून पीएसएम, म्हणजे ठरावीक तंत्रज्ञानासाठीचं मॉडेल, काढायचं आणि त्यातून कोड, अशी उतरंड होती. आता ‘खातं’ आणि ‘व्यवहार’ यांच्यातली एक-अनेक रेषा (एका खात्याचे अनेक व्यवहार) घ्या. आकृतीत ती निरागस दिसते. जनरेटरला मात्र व्यवहार खात्याबरोबरच आणायचे की मागितल्यावर, हे ठरवावंच लागतं. मागितल्यावर म्हटलं आणि यादीत १०० खाती असली, तर यादीची १ क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) आणि प्रत्येक खात्याची एकेक, अशा १०१ क्वेरी डेटाबेसवर जातात. डेटाबेसचं ट्रॅन्झॅक्शन (सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होण्याचा टप्पा) कुठे सुरू व्हावं आणि खातं काढल्यावर व्यवहारांचं काय करायचं, हेही त्या रेषेत नसतं.

एमडीएच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत यावर तोड होती: ही माहिती ‘मार्क’ म्हणून, मॉडेलवर ठेवलेल्या पारदर्शक कागदासारख्या वेगळ्या थरात ठेवा. निरपेक्षता कमी-जास्त प्रमाणात असते, हेही तिथे मान्य केलेलं होतं. प्रत्यक्षात डेडलाइन जवळ आली की मार्क स्टिरिओटाइप (आकृतीतल्या घटकाला लावलेलं लेबल) बनून थेट पीआयएममध्ये शिरत, आणि निरपेक्ष मॉडेल नावापुरतंच उरे. आमच्या मते दोष कल्पनेपेक्षा या शॉर्टकटचा जास्त.

दुसरं दुखणं जनरेटरने तयार केलेल्या कोडला हात लावण्याचं. ‘संरक्षित भाग’ म्हणजे दोन खुणांमधला हाताने लिहिलेला मजकूर, जो जनरेटर पुसत नाही. खुणेची ओळख क्लासच्या नावावर बेतलेली असेल, तर मॉडेलमध्ये नाव बदलताच तो मजकूर अनाथ होतो आणि पुढच्या रनमध्ये मुकाट्याने गायब होतो. तयार कोड बेस क्लासमध्ये आणि हातचा कोड त्यापासून काढलेल्या क्लासमध्ये ठेवला की हा धोका टळतो. मॉडेल ज्यांत साठवतात त्या एक्सएमआय फायलींचं मर्ज, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करणं, हेही असंच दुखणं: ओळींनुसार मर्ज केलं तर आयडींचे संदर्भ तुटतात, म्हणून टीम मॉडेलला लॉक लावत आणि बाकीचे रांगेत थांबत.

पुढे २०१४ च्या सुमारास ‘लो-कोड’ (फारसा कोड हाताने न लिहिता सॉफ्टवेअर बनवणं) हे नाव रूढ झालं. एपीआयच्या (प्रोग्रॅम एकमेकांशी ज्यातून बोलतात त्या दुव्याच्या) स्पेसिफिकेशनवरून क्लायंट आणि सर्व्हरचा सांगाडा काढणं तर इतकं नित्याचं झालं, की त्याला मॉडेल-चालित म्हणावं असं कुणाच्या मनातही येत नाही. यंत्रणांची मॉडेलं मांडणाऱ्या सिसएमएल भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीने चित्रांच्या जोडीला मजकुरी लेखनही आणलं, त्यामुळे डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक पाहणं) आणि रिव्ह्यू नेहमीच्या साधनांनी होऊ शकतात.

भाषा-मॉडेलं (सूचनेवरून कोड लिहून देणारी एआय) आल्यावर जुना प्रश्न नव्याने उभा आहे. टेम्प्लेटवर चालणारा जनरेटर त्याच मॉडेलवरून दर वेळी तोच कोड देई, म्हणून तयार कोड रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात) नाही ठेवला तरी चाले. भाषा-मॉडेलकडून दोन रनमध्ये दोन वेगळे कोड येऊ शकतात. तेव्हा तो कोड कमिट करून त्या साठ्यात ठेवावा लागतो आणि माणसाने वाचावाही लागतो. वाचणारा त्यात दुरुस्ती करतो, आणि पुढच्या रनमध्ये त्या दुरुस्तीची गत संरक्षित भागासारखीच होते.