भेगाळ कातळातील द्रवप्रवाह व विरूपण यांचे संख्यात्मक प्रतिमानन

भेगा पडलेल्या कठीण खडकातून पाणी, तेल किंवा वायू कसा वाहतो आणि त्याच्या दाबाने तो खडक किती हलतो, हे दोन्ही प्रश्न संगणकावर एकत्र सोडविण्याच्या पद्धतीला ही संज्ञा आहे. ते एकत्रच सोडवावे लागतात. भेगेतील द्रवाचा दाब वाढला, की तिच्या भिंतींना एकमेकींवर दाबून धरणारे प्रभावी प्रतिबल (एकक क्षेत्रावरील बल) घटते. भेग किंचित उघडते, त्यामुळे प्रवाह बदलतो आणि दाबाची वाटणीही नव्याने होते. प्रभावी प्रतिबलाची कल्पना कार्ल टेर्झागी यांनी मातीच्या अभ्यासात मांडली. मॉरिस बिओ यांनी 1941 मध्ये दाब आणि विरूपण (आकारातील बदल) यांचा त्रिमितीय सिद्धांत दिला. आजची बरीच प्रतिमाने (गणिती नमुने) त्यावरच उभी आहेत.

गुळगुळीत, समांतर भिंतींच्या फटीतून होणारा प्रवाह, दाबाचा उतार तोच असताना, फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. 0.1 मिमी.ची फट 0.2 मिमी. झाली, तर पाणी आठपट जाते. म्हणजे केसाच्या जाडीइतकी चूकही उत्तर पार बदलू शकते. शिवाय खऱ्या भेगेच्या भिंती खडबडीत असतात, जागोजागी एकमेकींना टेकतात आणि पाणी उरलेल्या मोजक्या वाटांनीच जाते. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकल्या, तर उंचवटे उंचवट्यांवर चढून फट रुंदावते. दख्खनच्या बेसाल्टात एका बोअरला भरपूर पाणी लागते आणि हाकेच्या अंतरावरची दुसरी कोरडी जाते, यामागेही भेगांच्या जाळ्याचा हाच असमानपणा बव्हंशी असतो.

प्रतिमान रचताना पहिला निर्णय भेगांविषयी घ्यावा लागतो. त्या दाट असतील, तर संपूर्ण खडक एकसंध सच्छिद्र माध्यम मानून सरासरी पार्यता (द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता) वापरता येते. भेगांतून वेगाने वाहणारे आणि खडकात मुरलेले पाणी वेगळे धरणारी दुहेरी सच्छिद्रतेची कल्पना बारेनब्लाट व सहकाऱ्यांनी 1960 मध्ये मांडली. भेगा मोजक्या पण निर्णायक असतील, तर प्रत्येक भेग स्वतंत्रपणे मांडणे श्रेयस्कर. मात्र खोलवरच्या भेगा दिसत नसल्याने त्यांची लांबी व दिशा सांख्यिकीने ठरवावी लागते. खडकाचे ठोकळे एकमेकांपासून सुटे मानून त्यांची हालचाल मोजणारी पद्धत पीटर कंडॉल यांनी 1971 मध्ये मांडली.

कोयना परिसर हे या विषयाचे बोलके उदाहरण आहे. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात 1962 च्या सुमारास पाणी साठू लागले आणि 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 6.3 प्रतीचा भूकंप झाला. जलाशयाच्या वजनाने खडकावरील प्रतिबल लगेच बदलते, तर भेगांतून खाली उतरणारा दाब उशिरा पोहोचतो. प्रतिमानात दोन्ही परिणाम घ्यावे लागतात. हा विलंब दाबविसरणाच्या गुणांकावर, म्हणजे दाब खडकात किती झपाट्याने पसरतो यावर, ठरतो. 5 किमी. खोलीसाठी ढोबळ हिशेब केला, तर गुणांक सेकंदाला 1 चौ.मी. धरल्यास सुमारे अडीच महिने आणि 0.1 धरल्यास सुमारे दोन वर्षे लागतात. सोयीचा गुणांक निवडून भूकंपाच्या तारखेशी मेळ घालणे त्यामुळे फार सोपे असते आणि एवढ्याशा मेळावर विसंबू नये. पाण्याची उंची 10 मी. वाढली, तर दाब जेमतेम 0.1 मेगापास्कल वाढतो, तर 5 किमी. खोलीवर वरच्या खडकाचा दाब सुमारे 130 मेगापास्कल असतो. मुळातच घसरण्याच्या बेतात असलेल्या विभंगालाच (ज्या मोठ्या भेगेवरून खडक सरकतो तिला) एवढी लहान वाढ पुरते. म्हणून प्रतिमानात खडकातील आधीचे प्रतिबल आणि विभंगाचे घर्षण यांची मोजमापे महत्त्वाची ठरतात. त्यासाठी कोयनेत सुमारे 3 किमी. खोलीचे प्रायोगिक विवर खोदण्यात आले. त्यात सुमारे सव्वा किमी. जाडीच्या बेसाल्टाखाली ग्रॅनाइटी पायाचा खडक लागला.