वेबपानावरचे स्टॉपवॉच का चुकते?

वेबपाने बनवायला शिकणाऱ्यांना सुरुवातीला जे छोटे प्रकल्प दिले जातात, ते सगळीकडे जवळपास सारखेच असतात: बटण दाबले की पानाचा रंग बदलणे, बटण किती वेळा दाबले ते मोजणे, कामांची यादी, साधा कॅल्क्युलेटर आणि स्टॉपवॉच. यांपैकी बाकीचे प्रकल्प एकदा चालू लागले की बहुधा चालतच राहतात. स्टॉपवॉचचे तसे होत नाही. ते चालते, दिसायलाही ठीक दिसते आणि तरीही चुकीची वेळ दाखवू शकते. वेबपानांना हालचाल देणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेतले ‘सेटइंटरव्हल’ हे फंक्शन, म्हणजे नाव दिलेला सूचनांचा संच, दर हजार मिलिसेकंदांनी आपले काम करते, तेव्हा प्रत्येक वेळी आकड्यात एक मिळवला की झाले स्टॉपवॉच, अशी नवशिक्याची समजूत असते आणि अनेक धडेही तेवढेच सांगून थांबतात. ही समजूत नेमकी कुठे चुकते ते पाहू लागले की बटण दाबल्यावर पान प्रतिसाद कसा देते, या मूळ प्रश्नाचेच उत्तर हाती येते. म्हणून हा सगळा लेख त्या एका स्टॉपवॉचसाठी खर्च करत आहे.

चूक पाहायची असेल तर एक सोपा प्रयोग आहे. सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारे स्टॉपवॉच लिहावे, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी आकड्यात ०.०१ मिळवला जाईल. ते सुरू करून ब्राउझरमध्ये दुसरा टॅब उघडावा आणि एक मिनिटाने परत यावे. स्टॉपवॉचवर ६० सेकंदांऐवजी एका सेकंदाच्या आसपासचा आकडा दिसेल. बॅटरी आणि प्रोसेसर वाचवण्यासाठी आजचे ब्राउझर न दिसणाऱ्या टॅबमधले टायमर, म्हणजे ‘सेटइंटरव्हल’सारखी ठरलेल्या वेळाने चालणारी कामे, साधारण सेकंदाला एकदाच चालू देतात, त्यामुळे मिनिटाभरात साठच ठोके पडतात आणि साठ ठोक्यांचे फक्त ०.६ सेकंद होतात. क्रोमने २०२१ मध्ये याच्याही पुढे जाऊन, पाच मिनिटांहून अधिक काळ झाकलेल्या आणि आवाज न करणाऱ्या पानांचे असे टायमर मिनिटाला एकदाच चालवण्याचा नियम आणला. ब्राउझरने इथे कोणतेही वचन मोडलेले नाही. इतक्या मिलिसेकंदांच्या आत हे काम होणार नाही, एवढीच टायमरची हमी असते. ते नेमके केव्हा होईल याची हमी कधीच नव्हती.

ही हमी का देता येत नाही, हा खरा रंजक भाग आहे.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत तिच्या पहिल्या रूपात उभी केली. पानावरच्या लहानसहान हालचाली तिने सांभाळाव्यात, इतकीच तेव्हाची अपेक्षा होती. तिची एक गोष्ट आजही तशीच आहे: एका पानाचा जावास्क्रिप्ट कोड एका वेळी एकच काम करतो. ब्राउझर एचटीएमएल, म्हणजे पानाचा मजकूर आणि मांडणी ज्यात लिहिलेली असते ती भाषा, वाचून पानाची झाडासारखी रचना स्मृतीत तयार करतो, तिला डॉम म्हणतात; आणि आपला कोड त्या झाडात शब्द, रंग, ओळी बदलत असतो. दोन कामे एकाच क्षणी एकच फांदी कापू आणि जोडू लागली तर काय होईल, हा प्रश्नच या एकेरी रचनेत उद्भवत नाही. नवशिक्याला या भाषेत लवकर हात चालवता येतो, याचे मोठे श्रेय माझ्या मते या निर्णयाला जाते.

एका वेळी एकच काम, तर बाकीची कामे कुठे असतात? रांगेत. बटणाला आपण ‘अ‍ॅडइव्हेंटलिसनर’ वापरून एखादे फंक्शन जोडतो, तेव्हा आपला कोड त्या बटणावर पहारा देत बसत नाही. ब्राउझर फक्त नोंद करून ठेवतो की या बटणावर क्लिक झाले तर अमुक फंक्शन चालवायचे. क्लिक झाले की ते काम रांगेत लागते, आणि हातातले काम पूर्ण संपल्यावरच रांगेतले पुढचे काम उचलले जाते. उचला, संपवा, पुढचे उचला, या अखंड फेऱ्याला ‘इव्हेंट लूप’ म्हणतात. एकच खिडकी असलेल्या टपाल कचेरीत कारकून समोरच्या माणसाचे काम अर्धवट टाकून मागच्याकडे वळत नाही, तसाच हा कारभार असतो.

ही रांग प्रत्यक्ष दिसू शकते. पानावर दोन बटणे ठेवावीत. एकावर दाब मोजणारा साधा कोड असावा, आणि दुसऱ्यावर पाच सेकंद होईपर्यंत नुसताच फिरत राहणारा लूप असावा. दुसरे बटण दाबून लगेच पहिले बटण सात वेळा दाबले, तर आकडा जागचा हलत नाही. पाच सेकंद सरले की ते सातही दाब एकापाठोपाठ हाताळले जातात आणि आकडा झपकन सातावर जातो. दाब हरवले नव्हते, ते रांगेत उभे होते. वेबपान ‘अडकले’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा नेमके हेच घडलेले असते.

टायमरचेही असेच आहे. दिलेला अवधी संपला म्हणजे आपले फंक्शन चालले असे होत नाही. त्याला फक्त रांगेत उभे राहण्याचा हक्क मिळतो. पुढे एखादे लांबलचक काम चालू असेल तर त्याला थांबावे लागते, आणि त्या काळात हुकलेले ‘सेटइंटरव्हल’चे ठोके नंतर भरून दिले जात नाहीत. तीन सेकंद पान अडकले तर दर सेकंदाला एक मिळवणारे स्टॉपवॉच मागे पडते ते कायमचेच.

पडद्यावर चित्र उमटवण्याचे कामही याच फेऱ्यात, दोन कामांच्या मधल्या जागेत होते. म्हणूनच एकाच फंक्शनमध्ये आधी ‘थांबा, हिशेब चालू आहे’ असा मजकूर पानावर लिहिला आणि लगेच खाली मोठा हिशेब सुरू केला, तर तो मजकूर हिशेब संपेपर्यंत दिसत नाही. डॉममध्ये बदल झालेला असतो, पण तो रंगवायला ब्राउझरला उसंतच मिळालेली नसते. यावर एक तोडगा सर्रास सांगितला जातो: हिशेब ‘सेटटाइमआउट’मध्ये, म्हणजे दिलेल्या अवधीनंतर एकदाच चालणाऱ्या टायमरमध्ये, शून्य मिलिसेकंद देऊन गुंडाळा. तो अनेकदा चालतो, कारण हिशेब वेगळे काम होऊन रांगेच्या शेवटी जातो आणि मध्ये रंगवायला जागा मिळू शकते. मात्र ती मिळेलच असे नाही. तरीही काही बिघडले की कारण न शोधता हा शून्याचा उतारा टाकायचा आणि गुण आला की पुढे जायचे, ही सवय प्रोग्रामिंगमधली अंधश्रद्धाच आहे. कोणत्याही अंधश्रद्धेप्रमाणे तिच्यातही गुण आलेले प्रसंग तेवढे लक्षात राहतात आणि न आलेले विसरले जातात. मोठ्या हिशेबाचा खरा उपाय म्हणजे त्याचे लहान तुकडे करणे, किंवा तो ‘वेब वर्कर’कडे सोपवणे. वर्कर मुख्य कामाच्या बाजूला स्वतंत्रपणे चालतो, आणि त्याला डॉमला हात लावण्याची मुभा मुद्दामच दिलेली नाही.

या रांगेला आणखी एक पोटरांग आहे. २०१५ च्या आवृत्तीपासून जावास्क्रिप्टमध्ये ‘प्रॉमिस’ ही सोय अधिकृतपणे आली; एखादे काम पूर्ण झाल्यावर पुढे काय करायचे, ते तिच्यात आधीच सांगून ठेवता येते. प्रॉमिस पूर्ण झाल्यावर करायची कामे मुख्य रांगेत जात नाहीत. ती ‘मायक्रोटास्क’ म्हणून वेगळी ठेवली जातात, आणि हातातला कोड संपताक्षणी, मुख्य रांगेतले पुढचे काम उचलण्यापूर्वी, ती सगळीच्या सगळी उरकली जातात. समजा कोडमध्ये क्रमाने चार सूचना आहेत: ‘एक’ छापा; शून्य मिलिसेकंदांच्या टायमरने ‘दोन’ छापा; पूर्ण झालेल्या प्रॉमिसनंतर ‘तीन’ छापा; ‘चार’ छापा. उत्तर येते एक, चार, तीन, दोन. ‘सगळीच्या सगळी’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. मायक्रोटास्क स्वतःच नवी मायक्रोटास्क निर्माण करत राहिली, तर पोटरांग कधीच रिकामी होत नाही, मुख्य रांग हलत नाही, चित्रही रंगत नाही आणि पान गोठते. टायमरने स्वतःलाच पुन्हा पुन्हा लावले तर मात्र तसे होत नाही, कारण प्रत्येक फेरीत इतरांना संधी मिळते. शिवाय एकातून एक असे पाचाहून अधिक वेळा लावलेल्या टायमरला, शून्य मागितले तरी, किमान ४ मिलिसेकंद थांबवावे असे एचटीएमएलच्या मानकातच लिहिले आहे.

आता स्टॉपवॉच दुरुस्त करू. ठोके मोजायचेच नाहीत. ‘सुरू’ दाबल्या क्षणी घड्याळाची वेळ नोंदवून ठेवावी, आणि आकडा दाखवताना प्रत्येक वेळी आत्ताच्या वेळेतून ती वजा करावी. ‘थांबा’ दाबले की तोवरचा अवधी साठवावा, आणि पुन्हा सुरू केल्यावर नवी वजाबाकी त्यात मिळवावी. टायमरकडे आता फक्त आकडा ताजा करण्याचे काम उरते. तो उशिरा आला, झोपला, मध्येच गळला, तरी पुढच्या वेळी दिसणारा आकडा बरोबरच असतो. आकडा ताजा करण्यासाठी ‘रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम’ अधिक योग्य, कारण ते पडद्याच्या तालावर चालते. साठ हर्ट्‌झच्या पडद्यावर हा ताल सुमारे १६.७ मिलिसेकंदांचा असतो, त्याहून वेगाने आकडे बदलून डोळ्यांना काहीच मिळत नाही. ‘सुरू’ दोनदा दाबल्यावर सेकंद दुप्पट वेगाने पळतात आणि मग ‘थांबा’लाही जुमानत नाहीत, हा नवशिक्यांच्या स्टॉपवॉचमधला नेहमीचा दोष. टायमर थांबवायला ब्राउझरने त्याला दिलेला क्रमांक लागतो; दुसऱ्या टायमरचा क्रमांक पहिल्याच्या क्रमांकावर लिहिला जातो आणि पहिला थांबवण्याची खूणच पुसली जाते. वजाबाकीने सेकंदांचे दुप्पट पळणे आपोआप बंद होते, पण टायमर चालू असताना ‘सुरू’ बटण निष्क्रिय ठेवणे तरीही गरजेचे आहे.

घड्याळही दोन प्रकारचे मिळते. ‘डेट डॉट नाऊ’ हे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद सांगते. पण संगणकाची वेळ इंटरनेटवरून दुरुस्त झाली किंवा कोणी हाताने बदलली, तर तेही उडी मारते. ‘परफॉर्मन्स डॉट नाऊ’ पान उघडल्यापासूनचा अवधी सांगते आणि कधीही मागे जात नाही. जानेवारी २०१८ मध्ये वेळ बारकाईने मोजून माहिती चोरू देणारा प्रोसेसरमधला ‘स्पेक्टर’ हा दोष उघड झाल्यावर ब्राउझरांनी या घड्याळाची सूक्ष्मता मुद्दाम कमी केली, तरी स्टॉपवॉचला ती भरपूर पुरते. स्टॉपवॉचऐवजी एखाद्या दिवसापर्यंतची उलटी मोजणी करायची असेल, तर भारतातल्या शिकणाऱ्याने एक गोष्ट जपावी. वर्ष, महिना आणि दिवस एवढेच आकडे जोडरेषांनी लिहून दिलेली तारीख जावास्क्रिप्ट जागतिक प्रमाणवेळेनुसार वाचते, त्यामुळे १ मे ची मोजणी आपल्याकडे मध्यरात्री न संपता पहाटे साडेपाचला संपते. तारखेपुढे वेळही लिहिली की ती स्थानिक मानली जाते.

हे सगळे जमल्यावर करण्याजोगा पुढचा प्रकल्प म्हणजे प्रतिक्रियेचा वेग मोजणारा खेळ: चौकोन हिरवा झाला की बटण दाबायचे. इथे रांग पुन्हा आडवी येते. क्लिक हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये घड्याळ वाचले, तर रांगेत गेलेला वेळही खेळणाऱ्याच्या खात्यावर पडतो, आणि माणसाची प्रतिक्रियाच जिथे सेकंदाच्या पाव भागाच्या आसपास असते तिथे तीसचाळीस मिलिसेकंदांनी निकाल फिरू शकतो. ब्राउझरने याची सोय करून ठेवली आहे. प्रत्येक घटनेसोबत फंक्शनला जी माहिती मिळते, तिच्यात ‘टाइमस्टँप’ नावाची नोंद असते. फंक्शन केव्हा चालले याच्याशी तिचा संबंध नसतो. ती घटना ब्राउझरने केव्हा टिपली ते सांगते, आणि तेही ‘परफॉर्मन्स डॉट नाऊ’च्याच मोजपट्टीवर. त्यामुळे हिरवा रंग दाखवल्याची वेळ तिच्यातून सरळ वजा करता येते, आणि वर सांगितलेला पाच सेकंदांचा लूप मध्ये चालू असला तरी बटण दाबल्याची वेळ बदलत नाही.