‘प्रशासकाच्या मते’: अमेरिकेच्या हवामान धोरणामागील नेमणुकांचा इतिहास

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बदलला की हवामान धोरणही बदलते, हे आता इतके अंगवळणी पडले आहे की असे का होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्यातील एका वाक्यात आहे. क्लीन एअर अ‍ॅक्ट या हवा प्रदूषणावरील कायद्याच्या कलम २०२ नुसार, नव्या वाहनांतून बाहेर पडणाऱ्या ज्या प्रदूषकांमुळे लोकांच्या आरोग्याला किंवा हिताला धोका पोहोचण्याची वाजवी शक्यता आहे असे पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, प्रशासकाचे मत असेल, त्या प्रदूषकांसाठी मानके ठरवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. कर्तव्य कायद्याने नेमून दिले, पण ते लागू केव्हा होणार, हे नेमणुकीने आलेल्या एका व्यक्तीच्या मतावर सोडले. हरितगृह वायूंवर देशव्यापी मर्यादा घालणारा स्वतंत्र कायदा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, आजवर केलेला नाही, त्यामुळे सारा झगडा त्या एका खुर्चीभोवती येऊन थांबतो.

ही खुर्ची निर्माण झाली १९७० मध्ये, रिचर्ड निक्सन यांच्या काळात, आणि तिच्यावर पहिले बसले ते विल्यम रकल्सहाउस. ती किती हवी तशी वळवता येते, हे मात्र दिसले १९८१ मध्ये. रोनाल्ड रेगन यांनी नेमलेल्या अ‍ॅन गोरसच यांनी आपल्याच संस्थेच्या अंदाजपत्रकाला आणि मनुष्यबळाला कात्री लावली, विषारी कचऱ्याच्या सफाईसंबंधीची कागदपत्रे काँग्रेसला देण्यास व्हाइट हाउसच्या आदेशावरून नकार दिला, त्याबद्दल प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर अवमानाचा ठपका ठेवला आणि मार्च १९८३ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. संस्थेची विस्कटलेली घडी बसवण्यासाठी पुन्हा रकल्सहाउस यांनाच बोलावले गेले. गोरसच यांच्या कारकिर्दीतील एक निर्णय मात्र त्यांच्यामागे उरला. प्रदूषणाचा ‘स्रोत’ म्हणजे प्रत्येक धुराडे की अख्खा कारखाना, या प्रश्नावर त्यांच्या संस्थेने उद्योगांना सोयीचा, म्हणजे अख्ख्या कारखान्याचा, अर्थ लावला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८४ च्या शेव्हरॉन निकालात असे ठरले की कायदा संदिग्ध असेल तेथे सरकारी संस्थेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मान्य करावा. उद्योगांच्या सोयीसाठी सुरू झालेल्या प्रकरणातून निघालेले हे तत्त्व पुढे कठोर नियम करणाऱ्यांच्याही कामी आले.

हवामान बदलाचा प्रश्न या खुर्चीसमोर खऱ्या अर्थाने आला तो जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या काळात. प्रशासक क्रिस्टीन टॉड व्हिटमन वीजकेंद्रांच्या कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा येणार, असे जाहीरपणे सांगत असतानाच मार्च २००१ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनी ते आश्वासन मागे घेतले. पुढे एप्रिल २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विरुद्ध ईपीए या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्वाळा दिला की हरितगृह वायू कायद्याच्या व्याख्येनुसार प्रदूषकच आहेत आणि ते धोकादायक आहेत की नाहीत याचे उत्तर देणे संस्थेला टाळता येणार नाही. त्यानंतर जे घडले ते प्रशासनशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभावे असे आहे. डिसेंबर २००७ मध्ये ईपीएने ‘धोका आहे’ असा निष्कर्ष व्हाइट हाउसच्या अखत्यारीतील अंदाजपत्रक कार्यालयाला ई-मेलने पाठवला, तर तेथील अधिकाऱ्यांनी तो ई-मेल उघडलाच नाही. उघडला असता तर निष्कर्ष अधिकृतपणे हाती आला असता आणि पुढची पावले टाकावी लागली असती. नकाराची सही कोणी केली नाही, वाद कोणी घातला नाही, तरी कायद्याने सांगितलेले काम अडून राहिले.

तोच निष्कर्ष बराक ओबामा यांच्या प्रशासक लिसा जॅक्सन यांनी ७ डिसेंबर २००९ रोजी, म्हणजे कोपनहेगनची आंतरराष्ट्रीय हवामान परिषद सुरू झाली त्याच दिवशी, जाहीर केला. प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेले हवामान विधेयक सिनेटमध्ये बारगळल्यामुळे वाहनांपासून वीजकेंद्रांपर्यंतच्या हवामानविषयक नियमांचा भार या निष्कर्षावर येऊन पडला. ओबामांनी कॅरोल ब्राउनर यांना आणि नंतर जो बायडेन यांनी जीना मॅकार्थी व जॉन केरी यांना हवामानासाठी खास पदांवर आणले, त्याचा गाजावाजाही पुष्कळ झाला. पण अशा पदांना सिनेटची मंजुरी लागत नाही, त्यांच्या सहीने नियम निघत नाहीत आणि पुढच्या राष्ट्राध्यक्षाने ती भरली नाहीत की ती संपतात. टिकले ते कायद्यात उतरलेले आणि प्रशासकाच्या सहीने निघालेले, आणि तेही न्यायालयात तग धरेल तेवढेच.

डोनाल्ड ट्रम्प यांनी पहिल्या कार्यकाळात नेमलेले स्कॉट प्रुइट ओक्लाहोमाचे महाधिवक्ता असताना ईपीएवर वारंवार खटले भरणारे गृहस्थ होते. तरीही त्यांनी आणि त्यांच्यानंतर आलेल्या अँड्र्यू व्हीलर यांनी नियम सैल केले, पण २००९ च्या मूळ निष्कर्षाला हात लावला नाही. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने तो वैध ठरवला होता, हे त्यामागचे एक कारण मानता येईल. दुसऱ्या कार्यकाळात हा संकोच उरला नाही. माजी काँग्रेस सदस्य ली झेल्डिन यांची नेमणूक सिनेटने जानेवारी २०२५ मध्ये मंजूर केली आणि जुलैच्या अखेरीस इंडियाना राज्यातील एका वाहन विक्री केंद्रात त्यांनी निष्कर्षच रद्द करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. त्या वेळी शेजारी होते ऊर्जामंत्री ख्रिस राइट, जे मंत्री होण्यापूर्वी खडक फोडून तेल-वायू काढण्याच्या व्यवसायातील कंपनीचे प्रमुख होते. राइट यांनी निवडलेल्या पाच तज्ज्ञांचा, हवामान बदलाचे धोके कमी लेखणारा अहवालही त्याच दिवशी प्रसिद्ध झाला. म्हणजे नेमणुकीचा परिणाम आता निर्णयापुरता राहिला नाही, निर्णयासाठी कोणते विज्ञान समोर ठेवायचे, इथपर्यंत तो पोहोचला.

प्रस्तावाचा मोठा आधार मात्र कायदेशीर होता. मोठ्या परिणामांच्या बाबतीत काँग्रेसने स्पष्ट अधिकार दिलेला असला पाहिजे, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा वेस्ट व्हर्जिनिया निकाल आणि शेव्हरॉनचे तत्त्व मोडीत काढणारा २०२४ चा लोपर ब्राइट निकाल यांचा त्यात हवाला दिलेला होता. लोपर ब्राइटमध्ये बहुमताशी सहमत होऊन शेव्हरॉनवर स्वतंत्र आणि सविस्तर टीका लिहिणारे न्यायमूर्ती होते नील गोरसच, अ‍ॅन गोरसच यांचे चिरंजीव. कायद्याचा अर्थ लावण्याची जी मुभा आईच्या कार्यालयाच्या एका निर्णयामुळे सरकारी संस्थांना मिळाली होती, ती चाळीस वर्षांनी मुलाच्या न्यायालयाने काढून घेतली. त्यामुळे कायद्यात शब्द ‘प्रशासकाच्या मते’ असेच असले, तरी ते मत कायद्यात बसते की नाही हे आता न्यायाधीश ठरवणार, आणि त्यांचीही नेमणूक राष्ट्राध्यक्षच करतो, फरक एवढाच की ती तहहयात असते.