पुंगळी अडली, पण नेमकी कुठे?

सेमी-ऑटोमॅटिक रायफल एक गोळी झाडून गप्प बसली की "पुंगळी (गोळी सुटल्यावर उरणारं काडतुसाचं रिकामं कवच) बाहेर येईना" एवढं एकच निदान ऐकू येतं. पण त्यात दोन वेगळे रोग आहेत. चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेला, चिकटलेली पुंगळी मागे ओढणं म्हणजे एक्स्ट्रॅक्शन. ते काम बोल्टवरच्या (चेंबरमागे पुढे-मागे सरकणाऱ्या भागावरच्या) छोट्या आकड्याचं, एक्स्ट्रॅक्टरचं. ओढलेली पुंगळी रायफलीच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर भिरकावणं म्हणजे इजेक्शन, ते इजेक्टरचं.

ओळखायचं कसं? बोट ट्रिगरपासून लांब, नळी सुरक्षित दिशेला, मॅगझीन बाहेर. मग बोल्ट मागे धरून आत डोकवा. रिकामी पुंगळी चेंबरमध्येच बसलेली आणि पुढची जिवंत गोळी तिच्या बुडावर आदळलेली दिसली, तर एक्स्ट्रॅक्शन फसलं. पुंगळी चेंबर सोडून आली, पण धुराड्यासारखी खिडकीत चिमटली, तर इजेक्शन.

पहिल्या रोगाची किंमत अमेरिकी सैनिकांनी व्हिएतनाममध्ये मोजली. १९६६-६७ मध्ये त्यांच्या एम-१६ रायफली चेंबरमध्ये पुंगळ्या धरून बसू लागल्या. काडतुसातली दारू बदललेली, त्यामुळे काजळी जास्त आणि बोल्टची चालही जलद. चेंबरला क्रोमचा मुलामा नाही, त्यात तिथली दमट हवा. वर सफाईचं सामान पुरेसं दिलेलंच नव्हतं! आकडा पुंगळीची कड फाडून रिकामा मागे यायचा. उपाय एकच: नळीच्या तोंडाकडून गज घालून पुंगळी ठोकून काढणं, तेही समोरून गोळीबार चालू असताना. पुढे चेंबरला क्रोम लागलं, सफाईचे संच पोहोचले, तेव्हा तक्रारी घटल्या. अशा वेळी इजेक्टरची स्प्रिंग बदलून काय उपयोग?

दुसरा रोग मात्र फसवा आहे. धुराडं दिसलं की लोक इजेक्टरवर घसरतात, आणि निम्म्या वेळा चोर भलताच निघतो. इजेक्टर पुंगळीच्या बुडाला एका बाजूने ढकलतो, तेव्हा दुसऱ्या बाजूने आकड्याने ती घट्ट धरलेली हवी. दार बिजागरीवर फिरतं तशी ती आकड्यावर फिरते. आकड्याची स्प्रिंग मेलेली असेल तर पुंगळी वाटेतच निसटते. म्हणजे दोष एक्स्ट्रॅक्टरचा, लक्षण इजेक्शनचं. म्हणून मी आधी आकड्याखालची घाण काढून स्प्रिंग पाहीन, मग इजेक्टर.

इजेक्टरही दोन जातींचे. एआर-१५ रायफलीत तो बोल्टच्या तोंडातली स्प्रिंगवर दबणारी खुंटी असतो. पितळेचा कीस अडकून ती आतच बसली की पुंगळी फेकली जात नाही. बोटाने नव्हे, पंचने (बोथट टोकाच्या बारीक लोखंडी दांडीने) दाबून पाहा, उसळी मारून वर यायला हवी. आपल्या इशापूरच्या कारखान्यातल्या ७.६२ मिमी एसएलआरमध्ये (सेल्फ-लोडिंग रायफलीत) इजेक्टर जागेवर पक्का. बोल्ट मागे येतो आणि पुंगळी त्यावर आपटून उडते. तिथे फेक बोल्टच्या वेगावर ठरते. गोळी झाडल्यावर बोल्टला मागे ढकलणारा गॅस कमी पडला, बोल्ट अर्ध्यावरून परतला, की इजेक्टर धडधाकट असूनही पुंगळी पायाशी पडते नाहीतर खिडकीत अडकते. मग गॅस रेग्युलेटर एकेक खाच फिरवून गॅस वाढवायचा. पण हा गॅस ज्याला ढकलतो त्या पिस्टनवरची काजळी आधी काढा. घाणीवर गॅस वाढवला तर सफाईनंतर तोच जास्तीचा गॅस बोल्टला हादरे देत राहतो.